तीन नोटांवरचा व्हिएतनाम

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या एक शिक्षिका, वय 48, परदेशात पहिल्यांदाच एकट्या निघाल्यात. दिवाळीच्या सुट्टीतले आठ दिवस हाताशी आहेत. हनोई, हा लाँगचा उपसागर, ह्युए, होई आन आणि शेवटी हो ची मिन्ह सिटी, एवढं सगळं करायचं आहे. इतिहासाची आवड, शुद्ध शाकाहारी. ‘जमेल का? आणि एकट्या बाईला तिथे भीती नाही ना?’

ताई, भीतीचं आधी संपवते. गेली बारा वर्षं मी छोटे गट घेऊन व्हिएतनामला जाते, आणि गट परत पाठवला की दोन-चार दिवस एकटी मागे राहते. रात्री दहाला हनोईच्या जुन्या वस्तीतून किंवा ह्युएच्या नदीकाठाने चालताना मला कधी मागे वळून बघावं लागलेलं नाही. बाई एकटी जेवायला बसली म्हणून कुणी टक लावून बघत नाही. त्रास होतो तो रस्ता ओलांडताना आणि नोटा मोजताना. त्याबद्दल पुढे लिहिते.

खरी अडचण तुमच्या तारखांची आहे. दिवाळी म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि मध्य व्हिएतनामचा जोरदार पाऊस नेमका तेव्हाच. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो आणि परततो, त्या किनाऱ्यावर मात्र ईशान्येचे वारे आणि वादळं वर्षाच्या शेवटी पाऊस आणतात. 2025 च्या ऑक्टोबरअखेरीस ह्युए आणि होई आन दोन्हीकडे पुराचं पाणी घराघरात शिरलं होतं. होई आनच्या जुन्या घरांच्या भिंतींवर वर्षावर्षाच्या पुराच्या खुणा करून ठेवलेल्या दिसतात, त्या डोक्याच्याही वर जातात. तिथल्या लोकांना हे सवयीचं आहे, सामान माळ्यावर चढवतात आणि होडीने फिरतात. आठ दिवसांची रजा घेऊन गेलेल्या माणसाचं मात्र वाटोळं होतं.

म्हणून दोनच रस्ते. दिवाळीतच जायचं असेल, तर ह्युए-होई आन सोडा आणि फक्त उत्तर करा. त्या दिवसांत हनोईची हवा वर्षातली सर्वांत छान असते. हनोईत पाच रात्री आणि निन्ह बिन्हमध्ये दोन. निन्ह बिन्हजवळचं होआ लू ही 968 पासूनची राजधानी. 1010 मध्ये राजा ली थाय तो यांनी ती तिथून हलवून आजच्या हनोईला नेली, म्हणजे एकाच दौऱ्यात आधीची आणि नंतरची अशा दोन्ही राजधान्या होतात. शेजारी त्रांग आनमध्ये चुनखडीच्या डोंगरांतून, गुहांच्या पोटातून होडी नेतात, त्यामुळे हा लाँग हुकल्याची हळहळही फारशी राहत नाही.

पण माझं ऐकाल तर उन्हाळी सुट्टीत जा, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यानंतर. 30 एप्रिल आणि 1 मे हे त्यांचे राष्ट्रीय सुट्टीचे दिवस. तेव्हा अर्धा देश फिरायला निघालेला असतो, गाड्यांची तिकिटं मिळत नाहीत. तो लोंढा ओसरला की निघायचं. ह्युएमध्ये तेव्हा ऊन असतं, 36-38 अंश. नागपूरकरांना आकडा ऐकून हसू येईल, पण दमटपणा चिपळूणचा आहे हे लक्षात ठेवा. सकाळी सहा ते दहा आणि चारनंतर फिरायचं, मधल्या वेळात पंख्याखाली आडवं व्हायचं. फेब्रुवारी-मार्च हवेला याहून चांगले, पण शाळा सोडून तुम्हाला जमणार नाही. आणि फेब्रुवारीत त्यांचं नववर्ष, तेत, येतं. 2027 मध्ये ते 6 फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात दुकानं बंद आणि माणसं गावी, आपल्या गणपतीतल्या मुंबईसारखं.

आता शहरं. हा लाँग आणि हो ची मिन्ह सिटी दोन्ही काढून टाका. हा लाँगला नीट जायचं तर रात्रीची बोट घ्यावी लागते, आणि त्यात दोन दिवस जातात. हो ची मिन्ह सिटी उरलेल्या एका दिवसात उरकण्याजोगं शहर नाही. उरतात हनोई, ह्युए आणि होई आन. हे त्रिकूट मी गटांना समजावते तेव्हा खिशातल्या नोटा काढते. 1 लाख डाँगच्या हिरव्या नोटेच्या मागे हनोईच्या वाङ्मय मंदिराचा मनोरा आहे, 50 हजाराच्या नोटेवर ह्युएचा नदीकाठचा मंडप, आणि 20 हजाराच्या निळ्या नोटेवर होई आनचा जपानी पूल. तुमची सगळी सहल त्या तीन नोटांवर आहे. जाता जाता हेही सांगते, की 5 लाखांची नोटही निळीच असते. मंद दिव्याखाली 20 हजार समजून 5 लाख देणारी मी पहिली नव्हे आणि शेवटचीही नसेन. 5 लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. हिशेबासाठी तीन शून्यं पुसायची आणि उरलेल्याला साडेतीनने गुणायचं, साधारण रुपये येतात.

विमान मुंबईहून हनोईला थेट, पाचेक तासांचं. येताना दा नांगहून बँकॉक, क्वालालंपूर किंवा सिंगापूरमार्गे. परतीसाठी पुन्हा हनोईला येऊ नका, त्यात एक दिवस फुकट जातो. रात्रींची वाटणी अशी करा: हनोई दोन, आगगाडीत एक, ह्युए दोन, होई आन दोन.

हनोईत पहिला दिवस जुन्या वस्तीत नुसतं हिंडा. तिथल्या बहुतेक गल्ल्यांची नावं ‘हांग’ने सुरू होतात. हांग म्हणजे माल. हांग बाक चांदीची, हांग थिएक पत्र्याची, हांग मा कागदी पूजासाहित्याची. आपल्या तांबट आळी, बुरुड आळीसारखंच. फरक एवढाच, की हांग थिएकमध्ये अजून खरोखरच पत्रा ठोकल्याचा आवाज येतो. घरं दर्शनी बाजूला जेमतेम दहा-बारा फूट रुंद आणि आत लांबच लांब, मध्ये उजेडासाठी चौक. पुण्यातल्या पेठेतला अरुंद वाडा आठवेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाङ्मय मंदिर. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त भावेल. 1070 मध्ये कन्फ्युशियसच्या नावाने उभं राहिलं आणि 1076 पासून तिथे राजघराण्याची विद्यापीठासारखी शाळा चालली. अंगणात दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिला आहेत. 1442 ते 1779 या काळातल्या राजदरबारच्या सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावं आणि गावं त्यांवर कोरली आहेत. गुणवत्ता यादीच, पण दगडात. परीक्षेआधी मुलं कासवांच्या डोक्यावरून हात फिरवायची. डोकी झिजायला लागली तेव्हा कठडे घालावे लागले. दुपारी थांग लाँगच्या किल्ल्यात जा. नव्या संसदभवनासाठी 2002 मध्ये जागा खोदायला घेतली आणि खाली एकावर एक राजवटींचे थर निघाले. बघायला विटा आणि विहिरीच आहेत, पण शतकानुशतकं एकाच जागेवरून राज्य चाललं हे तिथे पायाखाली दिसतं. हो ची मिन्ह यांची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते. इतर दिवशीही रांग मोठी, वेळ असेल तरच.

त्या रात्री आगगाडी. हनोई ते ह्युए 688 किलोमीटर, तेरा-चौदा तास. रूळ मीटर गेजचे. तुमच्या विदर्भातल्या शकुंतलेइतकी चिमुकली गाडी नाही, पण डुलते तशीच. चार बर्थचा डबा घ्या, खालचा बर्थ मागा. बायकांचा वेगळा डबा मिळेलच असं नाही. समोर कुटुंब येईल किंवा दोन सेल्समन येतील. मी त्या गाडीने कितीतरी वेळा एकटी गेले आहे. आजवरचा सर्वांत मोठा उपद्रव म्हणजे समोरच्या आजोबांचं घोरणं. मनाला पटत नसेल तर विमान सव्वा तासात पोचवतं, पण सकाळी जाग आल्यावर खिडकीतून दिसणारी भातशेती आणि शेतातच बांधलेल्या थडग्यांच्या रांगा चुकतील.

ह्युएवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळे त्याच्यावरच कात्री चालवतात. ‘सकाळी उतरू, किल्ला बघू, दुपारी होई आन’ असं कुणी आखून दिलं तर ऐकू नका. स्थानिक लोक ‘ह्वे’ म्हणतात, तसं म्हणून बघा, चेहरे खुलतात. 1802 ते 1945 ही न्गुयेन घराण्याची राजधानी, तेरा सम्राट. बाहेरचा कोट दहा किलोमीटर घेराचा, फ्रेंच पद्धतीच्या बुरुजांचा. त्याच्या आत राजनगरी, तिच्याही आत फक्त राजाची जांभळी नगरी. दर्शनी न्गो मोन दरवाजाला पाच वाटा. मधली एकट्या राजाची, तिच्या दोन बाजूंच्या दरबाऱ्यांच्या, टोकाच्या दोन हत्ती-घोड्यांच्या. याच दरवाजावर 30 ऑगस्ट 1945 ला शेवटचा सम्राट बाओ दाय याने गादी सोडली.

आत गेल्यावर बहुतेकांचा हिरमोड होतो. महालांऐवजी जोती आणि गवत. 1947 मध्ये फ्रेंचांशी झालेल्या लढाईत आत आगी लागल्या आणि 1968 च्या तेतमध्ये जवळजवळ महिनाभर याच भिंतींच्या आतबाहेर लढाई चालली. मला विचाराल तर ती रिकामी जोतीच ह्युएचं खरं दर्शन आहे. रायगडावर राजवाड्याच्या चौथऱ्यावर उभं राहून जे वाटतं ना, तसंच. थाय होआ हे सिंहासनाचं दालन आणि किएन त्रुंग राजवाडा दोन्ही 2024 मध्ये दुरुस्त होऊन उघडले. किएन त्रुंग तर पायापासून नव्याने उभारलाय. लखलखतो, फोटोला उत्तम. मी मात्र तिथून लवकर निघून नऊ काशाच्या कलशांपाशी बसते. 1830 च्या दशकात मिन्ह मांग या सम्राटाने ते ओतून घेतले आणि त्यांवर देशातले डोंगर, नद्या, पिकं, प्राणी, होड्या अशी चित्रं काढवली. एकेका कलशाला पाच मिनिटं द्या. सोबतीला घाई करणारं कुणी नाही, हा एकटीच्या प्रवासाचा फायदा इथे घ्यायचा.

दुसरा दिवस समाध्यांचा. तीन करा, पण कोणत्या क्रमाने हे महत्त्वाचं. सर्वांत दूरची मिन्ह मांगची आधी, सकाळी. तळी, पूल, दरवाजे एका सरळ रेषेत, सगळं काटेकोर. मग खाय दिन्हची, काँक्रीटची, आतून काचेच्या आणि चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेली. फ्रेंचांच्या छायेतला राजा आणि त्याचा भपका. शेवटी, चारनंतर, तु डुकची. या राजाने समाधी जिवंतपणीच बांधून घेतली आणि तिथे राहायला, कविता करायला तो जात असे. बांधकामावर मजुरांचे इतके हाल झाले की 1866 मध्ये बंड झालं. शंभराहून जास्त राण्या असूनही मूल झालं नाही. वडिलांची प्रशस्ती मुलाने लिहायची रीत, म्हणून याला स्वतःचीच लिहावी लागली. त्या प्रचंड शिलेवर त्याने आपल्या कारकिर्दीतल्या चुका आणि फ्रेंचांकडे गेलेला मुलूख, दोन्हींचा कबुलीजबाब दिलाय. राजाने दगडात कोरलेला पश्चात्ताप मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आणि इतकं करून त्याला नक्की कुठे पुरलं हे आजही माहीत नाही. तिथल्या तळ्याकाठच्या लाकडी मंडपात अर्धा तास काढा.

ह्युएचं आणखी एक ठिकाण म्हणजे नदीकाठचा थिएन मू विहार. सात मजली मनोऱ्यापेक्षा मागच्या बाजूला ठेवलेली निळसर ऑस्टिन मोटार बघा. 11 जून 1963 ला थिक क्वांग डुक हे भिक्खू सायगॉनच्या, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह सिटीच्या, चौकात याच गाडीतून उतरले आणि त्यांनी स्वतःला पेटवून घेतलं. तो फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल.

जेवणाचं इथेच सांगते, कारण शाकाहारी माणसासाठी ह्युए हे व्हिएतनामचं माहेर आहे. बौद्ध विहारांचं गाव, त्यामुळे ‘कोम चाय’ची खानावळ गल्लोगल्ली. ‘चाय’ म्हणजे चहा नव्हे, शाकाहार. पाटीवर सी-एच-ए-वाय ही अक्षरं दिसली की बिनधास्त शिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तर मांसाहारीही तिथे जेवतात. विहारांच्या पद्धतीच्या जेवणात कांदा-लसूणही नसतो. चायची पाटी नसलेल्या ठिकाणी मात्र ‘भाजी’ मागून भागत नाही, कारण पालेभाजीवरही माशाचं पाणी, नुओक माम, ओतलेलं असतं. ‘मांस नको’ म्हटलं तर ते मांस काढतात आणि नुओक माम तसंच ठेवतात. ‘तोय आन चाय’, मी चाय खाते, एवढं म्हटलं की सगळं समजतं. मेतकूट-थालीपिठाची भाजणी नेताय तर न्या, पण तिची गरज हनोईच्या पहिल्या दिवसापलीकडे पडणार नाही.

ह्युएहून दा नांगला पुन्हा आगगाडी, पण दिवसाची. साधारण शंभर किलोमीटरला तीन तास लागतात आणि ते तसेच लागावेत. गाडी हाय वान घाटात समुद्राला चिकटून वळणं घेते. हाय वान म्हणजे समुद्र-ढग. दक्षिणेकडे जाताना डावीकडची खिडकी मागा. रस्त्याने गेलात तर 2005 मध्ये झालेल्या बोगद्यातून गाडी सुसाट जाते आणि घाट दिसतच नाही. भाड्याने स्कूटर घेऊन घाट चढायचा मोह मात्र टाळा. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना 1949 च्या करारानुसारचा असतो आणि व्हिएतनाम 1968 चा मानतं. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

दा नांगला उतरून अर्ध्या दिवसाची गाडी ठरवा, बॅगा तीतच राहू द्या, आणि चाम शिल्पांचं संग्रहालय बघून होई आनला जा. चाम म्हणजे पूर्वी या भागावर राज्य करणारे, शिवाची देवळं बांधणारे लोक; त्यांच्या देवळांचं ठिकाण म्हणजे ‘मी सन’. संग्रहालय आधी, मी सन नंतर, हा क्रम उलटा करू नका. मी सनला मंदिरांची शरीरं उरली आहेत, मूर्ती इथे आहेत. मी सनच्या ई-1 मंदिराचं पीठ बघा, त्यावर तपस्वी, वाद्यं वाजवणारे, धडे देणारे गुरू कोरलेत. एक नाचणारा शिव आहे, त्याच्यासमोर मी दर खेपेला थांबते.

मी सन होई आनपासून चाळीसेक किलोमीटर. पहाटे पाचला निघा, गटांच्या बसेस आठनंतर येतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस राजा भद्रवर्मन याने इथे शिवलिंग स्थापलं आणि त्याला आपलंच नाव जोडलं, भद्रेश्वर. पुढची नऊएकशे वर्षं चाम राजे या डोंगरांच्या कुशीत देवळं बांधत राहिले. लेख संस्कृतात आणि चाम भाषेत. विटांमध्ये चुना दिसत नाही, जोड कशाने साधला यावर अजून वाद चालतो. ऑगस्ट 1969 मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत ए-1 हे सर्वांत देखणं मंदिर कोसळलं. वाटेत दिसणारे गोल खड्डे तेव्हाचे. 2017 ते 2022 या काळात ए, एच आणि के या समूहांचं जतन आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने केलं, आणि 2020 मध्ये तिथेच नवव्या शतकातलं एकसंध दगडी शिवलिंग निघालं. तुम्ही नि मी त्याच्यासमोर उभ्या राहिलो की ‘शाळुंका’ हा शब्द आपोआप तोंडात येतो. शेजारचा जर्मन प्रवासी माहितीफलक वाचत असतो. कुणी नमस्कार करतं, कुणी नाही. मी करते, फूल मात्र ठेवत नाही, तिथे पूजा चालत नाही.

होई आनबद्दल माझं मत जरा तिरकं आहे. संध्याकाळी सहा ते नऊ ते आकाशकंदिलांचं जत्रेचं गाव असतं. एकदा बघा आणि पुरे. खरं होई आन सकाळी साडेसहाला, दुकानांच्या फळ्या निघण्याआधी. सतराव्या शतकात इथे चिनी आणि जपानी व्यापाऱ्यांच्या पेठा होत्या. नंतर नदी गाळाने भरली, जहाजं दा नांगला जाऊ लागली आणि गाव तसंच राहिलं. म्हणून वाचलं. जपानी पूल 2024 च्या ऑगस्टमध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा उघडला. त्याची दंतकथा अशी: एक महाकाय राक्षसी मासा, डोकं भारतात, शेपूट जपानमध्ये, पाठ इथे. तो हलला की भूकंप. पूल ही त्याच्या पाठीत खुपसलेली तलवार. शेषाच्या फण्यावर वाढलेल्या आपल्याला हे ऐकून नवल वाटू नये. शिंप्यांकडे कपडे शिवायचे असतील तर पहिल्याच संध्याकाळी माप द्या, दुसऱ्या दिवशी एकदा घालून बघायला वेळ हवा.

रस्ता ओलांडणं: थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे तर अजिबात यायचं नाही. एका संथ चालीत चालत राहा, स्कूटर तुमच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. बस आणि मोटारी मात्र थांबत नाहीत, त्यांना जाऊ द्या. शहरात फिरायला ग्रॅब हे टॅक्सीचं ॲप ठेवा, घासाघीस वाचते. आणि शिवाजी महाराजांचा व्हिएतनाममधला पुतळा कुठे आहे, हे कुणालाही विचारू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मजकूर मलाही दरमहा येतो. बारा वर्षांत मला असा पुतळा कुठे दिसलेला नाही.

शेवटी व्हिसा, कारण माझ्या गटातली एक बाई यामुळेच मुंबईतून मागे फिरली आहे. ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरच काढा, एका प्रवेशाचे 25 डॉलर. त्या संकेतस्थळासारख्या दिसणाऱ्या खासगी साइट्स दुप्पट-तिप्पट घेतात. आपली नावं तीन पदरी असतात, पासपोर्टवर नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव मधल्या नावात येतं, आणि अर्ज भरताना आपण ते सवयीने गाळतो. त्या बाईंचं तेच झालं, आणि अर्ज तपासायचं काम माझं होतं. पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणांसह जी दोन ओळींची पट्टी असते, तिच्यात जसं नाव आहे तसं, पूर्ण, अर्जात भरा. व्हिसा हातात आला की त्याच दिवशी जन्मतारीख आणि पासपोर्टचा नंबर अक्षर-अक्षर ताडून बघा, चूक असेल तर नवा अर्ज करायला वेळ राहतो.